केसांवर जाऊ नका, हात लावून बघा

नमस्कार मंडळी! रविवारच्या कार्यक्रमात आज मी विस्कॉन्सिनमधून बोलतेय. मागच्या वेळी बागेचं बोलले होते, तेव्हा शेवटी सहज म्हणून गेले की आमच्याकडे दोन मिनिएचर घोडे आहेत, म्हातारे आहेत, आणि मग तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं की थंडीत काय खायला घालता, आमचाही वाळत चाललाय, काय करू. म्हटलं ठीक आहे, आज तेच. मी व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, नाहीये हं, आधीच सांगते. घोडे पाळणारी बाई आहे, चुका करून शिकलेली.

ज्यांनी मिनी घोडा पाहिलाच नाहीये, म्हणजे पुण्यात बसून ऐकणारी आमची मावशी वगैरे, त्यांच्यासाठी: हे शिंगरू नाही, पूर्ण वाढलेला घोडाच असतो, फक्त उंची ३४ इंचांच्या आत. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनचा तसा नियमच आहे आणि ते मोजतात आयाळीच्या शेवटच्या केसापाशी. म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा चार बोटं उंच. वजन दोनशे पौंडांच्या आसपास, कमीजास्त. आणि जगतात भरपूर, पंचवीस-तीस वर्षं आरामात. मुलं फोर-एचमध्ये, म्हणजे इथल्या मुलांच्या शेती-जनावरांच्या क्लबात, असताना हौसेनं घेतात, मग मुलं जातात कॉलेजला आणि घोडा राहतो आईबापाकडे. आमचं तेच झालंय.

तर आमची ठमी, २८ वर्षांची. आणि बंडू, २२ वर्षांचा, ढोल.

ठमी आमच्याकडे आली त्या पहिल्या हिवाळ्यात मी काय केलं, रोज सकाळी खिडकीतून बघायचे, मस्त गोल गरगरीत दिसायची, केस एवढे की टेडी बेअरच, मी म्हणायचे वा, छान तब्येत आहे. एप्रिलमध्ये केस झडायला लागले, मी खरारा करायला बसले आणि खराऱ्याखाली हाडं लागली. बरगड्या मोजता येत होत्या हो. पाठीचा कणा नुसता वर आलेला. पूर्ण हिवाळा ती वाळत होती आणि मी केस बघून खूश होते. त्या दिवशी मी तबेल्यात बसून रडलेय, खोटं कशाला सांगू.

मिनींचा विंटर कोट, म्हणजे थंडीतले दाट केस, फसवतो. मोठ्या घोड्याचं वजन उतरलं तर लांबून दिसतं, ह्यांचं नाही दिसत. वर म्हातारपणी पोट खाली लोंबतं, त्यामुळे आपल्याला वाटतं जाड आहे, आणि पाठीवरचं मांस मात्र गेलेलं असतं. म्हणून हात लावायचा, डोळ्यांवर भरवसा नाही.

कसं ओळखायचं ते आता बसल्या जागी करून बघा. गाडी चालवत असाल तर नको. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या गाठींवरून फिरवा. टोचतात ना? घोड्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो वाळलाय. आता मूठ सोडा, हात सरळ करा, पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा, हाडं कळतात पण वर थोडं मांस आहे, हे बरोबर. आणि आता अंगठ्याखालचा तळहाताचा गुबगुबीत भाग दाबा, तसं लागलं आणि हाड सापडतच नसेल तर तो बंडू आहे.

ह्याची रीतसर पद्धतही आहे, १९८३ मध्ये टेक्सासमध्ये डॉन हेनेके यांनी केलेली, एक ते नऊ गुण, मान, पाठीचा उंचवटा, खांद्यामागे, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी हात लावून द्यायचे. पाच म्हणजे मध्यम. म्हाताऱ्या घोड्याने थंडीत शिरताना पाच किंवा किंचित वर असावं. त्या पहिल्या हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये ठमी तीन होती.

हे करायचं कधी, तर ऑगस्टच्या शेवटापासून, दर पंधरा दिवसांनी, आणि कॅलेंडरवर लिहायचं, कारण आपल्याला आठवत नाही, आपल्याला वाटतं तसंच आहे. वजनाची टेप मिळते फीड स्टोअरमध्ये पण ती मोठ्या घोड्यासाठी असते, मिनीला आकडा चुकीचा दाखवते. तरी मी वापरते, एकाच जागी बांधायची आणि आकडा खरा न मानता फक्त वाढतोय का उतरतोय तेवढं बघायचं. मला गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी टेपनंच सांगितलं होतं काहीतरी चुकतंय म्हणून.

आणि थंडी पडल्यावर खायला वाढवू असं म्हणू नका, ते वरातीमागून घोडं झालं. म्हाताऱ्या अंगाला मांस धरायला दोन-तीन महिने लागतात. हजार पौंडाच्या घोड्याला एक गुण वर जायला साधारण पन्नास पौंड चढावे लागतात, आपल्या मिनीला दहाएक, पण ते दहा पौंड जानेवारीत उणे वीसमध्ये चढत नाहीत, तेव्हा सगळं खाल्लेलं अंग गरम ठेवण्यातच जातं.

आता तो कशामुळे वाळतो, ते आधी शोधा. लोक थेट चंदी वाढवतात, मीही वाढवली होती. ठमीचं खरं कारण होतं दात.

घोड्याचे दात आपल्यासारखे एकदा येऊन थांबत नाहीत, ते हिरडीतून हळूहळू वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून तेवढेच झिजतात. आयुष्याची शिदोरी जन्मापासून जबड्यात भरलेली असते म्हणा ना. पंचविशीनंतर ती संपत येते, दात गुळगुळीत होतात, हलतात, पडतात. त्यात मिनीचं डोकं लहान आणि त्या मानाने दात मोठे, सगळी दाटीवाटी, म्हणून त्यांना तरुणपणापासूनच दातांचा त्रास. खूण काय, तर गव्हाणीपाशी खाली बघा, पान खाणारा माणूस चोथा थुंकतो ना तशा अर्धवट चावलेल्या गवताच्या ओल्या गोळ्या पडलेल्या दिसतील. किंवा लीद फोडून बघा, त्यात गवताच्या लांब लांब काड्या असतील तर चावलं जात नाहीये. ठमीच्या दोन दाढा हलत होत्या, मी त्या गोळ्या झाडून फेकून देत होते रोज! रोज! आता वर्षातून दोनदा व्हेट येतात, एकदा सप्टेंबरमध्ये, थंडीच्या आधी.

दात गेले तर गवत भिजवून द्यायचं. इथे सुक्या गवताला इंग्रजीत "हे" म्हणतात, आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी फोनवर "हे संपलंय" म्हटलं तर त्यांना कळेना काय संपलंय. तर ह्या गवताच्या दाबून केलेल्या वड्या मिळतात, "हे क्यूब्स", त्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळून लापशी होईपर्यंत भिजवायच्या. घट्ट गाठ मधे राहू द्यायची नाही, कोरडं गिळलं की घशात अडकतं, त्याला चोक म्हणतात, भयंकर प्रकार आहे. त्यात सीनियर फीड, म्हणजे म्हाताऱ्या घोड्यांचं तयार खाद्य, आणि थोडा बीट पल्प, म्हणजे साखर काढल्यावर उरलेला बीटाचा चोथा, आपल्याकडे उसाचं चिपाड उरतं तसा, पण मळी न घातलेला घ्या. माझ्या आजीची म्हैस जे आंबोण खायची ना, अगदी तसंच दिसतं, वासही तसाच येतो, मला तर गावाची आठवण येते. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. आणि कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू.

किती? अंगाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा. दोनशे पौंडाला तीन ते चार पौंड. ऐकायला काहीच नाही, म्हणूनच अंदाजानं घालायचं नाही. आपल्या सगळ्यांकडे इंडिया ट्रिपचा बॅग मोजायचा काटा असतोच, तेवीस किलोवाला, तो वर्षभर कपाटात पडून असतो, तो तबेल्यात टांगा. जाळीत गवत भरा आणि हुकला अडकवा. आणि फीडच्या पिशवीवरचा आकडा बघून घाबरू नका, तो हजार पौंडाच्या घोड्याचा असतो, पाचानं भागा.

गवताला मी एवढं का धरून बसलेय, कारण ऊब गवतातून येते. तंतूमय चारा आतड्यात आंबतो आणि त्यातून उष्णता निघते, आतली शेगडीच ती. धान्यातून तेवढी नाही. जाड कोरडा कोट असलेला घोडा उणे आठ सेल्सिअसपर्यंत निभावून नेतो, पण कोट भिजला की ती रेष पंधरा डिग्रीच्या आसपास वर येते. म्हणून मला जानेवारीच्या कोरड्या बर्फापेक्षा ऑक्टोबरचा गार पाऊस जास्त नकोसा वाटतो. त्या रेषेच्या खाली प्रत्येक फॅरनहाइट डिग्रीला साधारण एक टक्का जास्त खुराक लागतो, आणि म्हातारा, बारीक, छोटा जीव असेल तर रेष आधीच येते. वाऱ्याला पाठ असलेली तीन भिंतींची शेड आधी बघा, ब्लँकेट नंतर. आणि ब्लँकेट घातलंच तर रोज काढून खाली हात घाला, नाहीतर परत तेच, झाकलेलं दिसत नाही.

बंडूबद्दल. बंडू ठमीचं खायचा. दहा मिनिटांत स्वतःचं संपवून तिला ढकलायचा आणि ती बिचारी बाजूला उभी. म्हातारा घोडा वाळतो त्याचं एक कारण शेजारी उभं असतं. आता वेगळ्या कप्प्यात खातात, तिला तासभर लागतो, लागू दे.

पण म्हणून बंडूला उपाशी ठेवायचं का, तर अजिबात नाही, आणि हे नीट ऐका. मिनी, पोनी, गाढव ह्यांचं खाणं एकदम तुटलं की अंगातली चरबी रक्तात भसाभसा उतरते, रक्त दुधाळ दिसायला लागतं, यकृत बंद पडतं. हायपरलिपीमिया नाव त्याचं. जाड घोड्याला जास्त धोका. त्यामुळे "आज खाल्लं नाही, उद्या खाईल" असं नाही चालत ह्यांच्यात. एक दिवस तोंड फिरवलं की फोन करायचा.

जूनमध्येसुद्धा केस झडले नाहीत, लांब कुरळे राहिले, पाणी खूप पितो, पाठीचं मांस गेलं आणि पोट सुटलं, तर कुशिंग्जची, म्हणजे म्हातारपणी होणाऱ्या हार्मोनच्या आजाराची, शंका घ्या. १५ वर्षांवरच्या घोड्यांत साधारण पाचात एकाला असतो. एसीटीएच नावाची रक्ताची टेस्ट असते, हे हार्मोन शरद ऋतूत चांगल्या घोड्यातही वाढतं म्हणून लॅब महिना बघून अर्थ लावते. त्यावर पर्गोलाइडची गोळी रोज. बंडूला चालू आहे, फिग न्यूटन म्हणून अंजिराचं बिस्किट मिळतं त्यात लपवून द्यायचे मी, मग व्हेटनी विचारलं साखर किती त्यात, तेव्हापासून बंद. आणि पहिलं दंव पडल्यावरच्या गवतात साखर वाढते, तेव्हा अशा घोड्याला मोकळं चरायला सोडू नका, खुरांना भोवतं.

जंताचं औषध, आधी लीद तपासून. त्या औषधाची सिरिंज १२५० पौंडाच्या घोड्याची असते आणि ठमी १८० पौंडांची, म्हणजे सातवा हिस्सा. त्यातलं मॉक्सिडेक्टिन नावाचं औषध असेल तर वाळलेल्या म्हाताऱ्या मिनीला जास्तीचा डोस फार महागात पडतो, व्हेटला विचारल्याशिवाय नको.

आणि पाणी. गार पाणी घोडा कमी पितो, सुकं गवत पोटात अडकतं, आणि मिनींना तो अडकण्याचा कॉलिक, म्हणजे पोटदुखी, लवकर होतो. आमचं पाण्याचं टाकं मोठ्या घोड्यांचं होतं, पातळी खाली गेली की ठमीची मान पोचायची नाही आणि मला वाटायचं हिला तहानच नाही. आता बुटकी बादली, तिला हीटर, आणि संध्याकाळी मी वेगळं कोमट पाणी नेते, चहाच्या आधणाबरोबरच ठेवते, एका घोटात अर्धी बादली जाते.

बाहेर आत्ता सहा डिग्री आहे आणि आभाळ भरून आलंय, ठमीचं आंबोण सकाळपासून भिजतंय. पाऊस यायच्या आत घालून येते. तुमच्या घोड्यांच्या पाठीवरून हात फिरवा, कुठला आकडा आला ते फोन करून कळवा, पुढच्या रविवारी बोलू. नमस्कार!