संतोष अंगवळणी कसा पडतो

बंधुभगिनींनो, प्रेषित पौलाने फिलिप्पै गावातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. त्यातलं तेरावं वचन तर परीक्षेला बसताना, मुलाखतीला जाताना हमखास ओठांवर येतं: मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्वकाही करायला समर्थ आहे. म्हणायला माझी हरकत नाही. पण त्याच्या आधीच्या दोन ओळी आपण गाळतो. उपाशी राहणं आणि पोटभर जेवणं, चणचण आणि रेलचेल, दोन्हींत कसं राहायचं ते आपण शिकलो, असं पौल तिथे म्हणतो. परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही हे वचन तितकंच लागू पडतं, हे आपण त्याला सहसा सांगत नाही.

हे शिक्षण कुठे झालं? पौलाच्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा अकरावा अध्याय काढा. त्याला पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, तीन वेळा गलबत फुटलं. फिलिप्पै गावातला प्रसंग तर प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात तपशिलाने आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला यांची वस्त्रं फाडून त्यांना छड्या मारल्या, आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. पाठ सोललेली, पाय हलवता येत नाहीत, आणि मध्यरात्री हे दोघे स्तोत्रं गाताहेत. बाकीचे कैदी ऐकत होते. त्याच रात्री भूकंप झाला, आणि तुरुंगाच्या नायकाने स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या. पुढे पौलाचं पत्र फिलिप्पैच्या मंडळीत वाचलं गेलं, तेव्हा हा नायकही कदाचित ऐकायला बसला असेल. पौल नुसत्या गप्पा मारत नाही, हे त्याला कोणी वेगळं सांगायला नको होतं.

आता एक गोष्ट मला खटकते. कोणाच्या घरी आजारपण असलं, काम सुटलं असलं, की आपण लगेच 'संतुष्ट राहा' म्हणतो आणि मोकळे होतो. पौलाने असं केलेलं नाही. हेही पत्र त्याने कैदेतूनच लिहिलं. मंडळीची मदत घेऊन आलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारात गेला होता. देवाने त्याच्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल दुसऱ्या अध्यायात सरळ लिहितो. हबक्कूक संदेष्टाही अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं सगळं नुकसान आधी मोजतो. 'तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन' हे त्यानंतर येतं.

आणि तेराव्या वचनाला लागूनच चौदावं आहे. माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगलं केलंत, असं पौल तिथे म्हणतो. मी तर संतुष्ट आहे, मला कशाला हवं, असं म्हणून त्याने पाठवलेलं परत केलं नाही. ठेवून घेतलं, आणि आता माझ्याकडे भरपूर आहे, अशी पोचही दिली.