कॅरमची पावडर आणि अणुभट्टीचं झाकण

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, मी माईक जवळ घेतो.

आधीच सांगून टाकतो, मी अणुशास्त्रज्ञ वगैरे नाही. तीसेक वर्षं एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला काढली, बॉयलर, पंप, पाइपलाइन, हेच. त्यामुळे सरकारी इन्स्पेक्टर हा प्रकार मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूने चांगला माहिती आहे. बॉयलर इन्स्पेक्टर येणार म्हटलं की आमच्याकडे आठवडाभर आधी धावपळ, साहेब ज्या वाटेने जाणार ती वाट झाडून घ्यायची आणि दिसेल त्याला रंग मारायचा. एकदा एका फ्लँजखाली, म्हणजे पाइपच्या जोडाखाली, पांढरा पापुद्रा धरला होता, थेंब थेंब गळती होती, मी तो पापुद्रा खरवडून घेतला आणि वर सिल्व्हर पेंट मारायला लावला, म्हटलं शटडाउनला बघू. साहेबांनी बाकी सगळं तपासलं, चहा घेतला, सही केली. काही झालं नाही म्हणा. पण पुढे कित्येक वर्षांनी डेव्हिस-बेसीबद्दल वाचताना तो फ्लँज डोळ्यासमोर आला, आणि आजचा विषय तिथूनच सुरू झाला.

डेव्हिस-बेसी हा अमेरिकेत ओहायो राज्यात, लेक ईरीच्या काठी असलेला अणुवीज प्रकल्प, १९७८ पासून चालू. त्याच्यावर नजर ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, सगळे एनआरसी म्हणतात. ही आली १९७५ मध्ये. त्याआधी अणुऊर्जेचा प्रचार आणि अणुऊर्जेवर देखरेख ही दोन्ही कामं एकाच अणुऊर्जा आयोगाकडे होती, म्हणजे स्वयंपाकही आपणच केला आणि झकास झालाय हेही आपणच सांगितलं. ते बरोबर नाही म्हणून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९७४ मध्ये कायदा करून दोन्ही वेगळे केले. एनआरसीचे पाच कमिशनर, राष्ट्राध्यक्ष नेमणार, सिनेट मंजुरी देणार, एका पक्षाचे तिनापेक्षा जास्त चालत नाहीत. खर्चाचा मोठा भाग वीज कंपन्यांच्या फीमधून वसूल होतो, सरकारी तिजोरीवर फार भार नाही.

आणि मुख्य म्हणजे त्यांचा माणूस प्रकल्पातच बसतो. रेसिडेंट इन्स्पेक्टर म्हणतात त्याला, प्रत्येक ठिकाणी साधारण दोघं तरी. पगार सरकारचा, टेबल प्रकल्पात, कंट्रोल रूममध्ये कधीही जायची मुभा. आमचे बॉयलरवाले साहेब वर्षातून एकदा यायचे, इथे साहेब रोजच आहेत. शिवाय २००० पासून एक रंगांची पद्धत आहे, कंपनी दर तिमाहीला आकडे देते, पंप किती वेळा बंद पडले, अचानक शटडाउन किती, वगैरे, आणि त्यावरून हिरवा, पांढरा, पिवळा, लाल असे रंग लागतात. हिरवा म्हणजे ठीक. २००१ मध्ये डेव्हिस-बेसीचे सगळे आकडे हिरवे होते.

आता त्या हिरव्या रंगाखाली काय चाललं होतं ते बघा.

या प्रकारच्या अणुभट्टीत पाण्यात बोरिक ॲसिड मिसळलेलं असतं, कारण बोरॉन न्यूट्रॉन गिळतो आणि त्याने भट्टीचा जोर आवरता येतो. बोरिक ॲसिड तुम्ही सगळ्यांनी हाताळलंय, कॅरमवर टाकायची पावडर बहुतेक वेळा तीच असते. भट्टीचं भांडं जाड पोलादाचं आणि त्यावर घुमटासारखं झाकण. डेव्हिस-बेसीच्या झाकणाची जाडी साडेसहा इंचांच्या वर, आतून गंज लागू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचं अस्तर, ते जेमतेम एक सेंटिमीटर. झाकणातून ६९ नळ्या आरपार जातात, बहुतेकींमधून कंट्रोल रॉड, म्हणजे भट्टीचा जोर कमीजास्त करणाऱ्या कांड्या, खालीवर होतात. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दाब तीस-बत्तीस असतो ना, त्याच मापाने या भांड्यात दोन हजारांच्या वर.

या नळ्यांना तडे जातात हे आधीपासून ठाऊक होतं, पण ते उभे असायचे, म्हणजे थोडं गळेल एवढंच. २००१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ओकोनी प्रकल्पात आडवे, नळीला वेढा घालणारे तडे सापडले आणि सगळे दचकले, कारण वेढा पूर्ण झाला की नळी बुचासारखी उडणार. ऑगस्ट २००१ मध्ये एनआरसीने सगळ्या प्रकल्पांना पत्र काढलं आणि ज्यांना धोका जास्त त्यांनी ३१ डिसेंबरच्या आत तपासणी करावी असं ठरलं. डेव्हिस-बेसीचं डिझाइन ओकोनीसारखंच, बनवणारी कंपनीही तीच. पण यांचं इंधन बदलायचं शटडाउन मार्चअखेरीस ठरलेलं, मध्येच भट्टी बंद करायची म्हणजे रोजचं मोठं नुकसान, म्हणून कंपनी म्हणाली आम्ही मार्चपर्यंत थांबतो, मागच्या तपासण्यांमध्ये आम्हाला बहुतेक नळ्या स्वच्छ दिसल्यात.

एनआरसीच्या स्टाफला हे पटलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी भट्टी बंद करायच्या आदेशाचा मसुदा लिहून तयार ठेवला. असा आदेश १९८७ नंतर निघालाच नव्हता. आणि मग बैठका झाल्या, आपल्याकडे होतात तशाच, आणि मधला मार्ग निघाला की १६ फेब्रुवारीला बंद करा, तोवर पाण्याचं तापमान थोडं कमी ठेवा, ऑपरेटरांना जादा ट्रेनिंग द्या. डिसेंबर नाही, मार्च नाही, फेब्रुवारी. भाजीवाल्याशी घासाघीस करून मधला भाव ठरतो ना, तसं.

भट्टी बंद झाली. मार्च २००२ मध्ये तीन नंबरच्या नळीची दुरुस्ती चालली होती, मशिन काढून घेताना नळी कलली. सहा-साडेसहा इंच पोलादात घट्ट बसवलेली नळी, ती कलली! मेंटेनन्सवाल्या माणसाला हे वाक्य वाचून काय होतं ते मी सांगू शकत नाही. वरचा बोरिक ॲसिडचा ढीग साफ केल्यावर दिसलं की नळीशेजारचं पोलादच गायब आहे, अननसाएवढा खड्डा, खाली फक्त ते स्टेनलेसचं अस्तर उरलं होतं आणि तेही आतल्या दाबाने फुगून वर आलं होतं. अस्तर असतं गंजासाठी, दाब पेलायला नाही. कित्येक महिने त्याने पेलला मात्र.

बोरिक ॲसिड कोरडं असलं तर पोलादाला फार काही करत नाही, पण तड्यातून गरम पाणी झिरपत राहिलं की ते ओलं, आटलेलं, तिखट ॲसिड पोलाद खातं. अनेक वर्षं खात होतं.

मग कोणाला काहीच दिसलं नव्हतं का? इथेच गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. २००० च्या शटडाउनमध्ये कंपनीच्याच लोकांनी काढलेला एक फोटो आहे, झाकणाभोवतीच्या पोलादी घेराला खालून छोटी भोकं असतात, त्यातून तांबडा-तपकिरी लगदा ओघळून वाळलाय, कॅरमची पावडर गेरूत कालवून ओतावी तसा. पांढरा असता तर नुसतं ॲसिड म्हटलं असतं, तांबडं म्हणजे त्यात लोखंड आलंय, हे कुठलाही फिटर सांगेल. तो फोटो प्रकल्पाच्या कागदपत्रांत होता. २००१ च्या शेवटी वॉशिंग्टनजवळच्या मुख्यालयात जी माणसं फेब्रुवारी की डिसेंबर यावर चर्चा करत होती त्यांच्यासमोर मात्र दुसरे फोटो होते. त्याच २००० मध्ये झाकणावरचे कडक झालेले थर पहारीने फोडून काढायचा प्रयत्न झाला होता. आत नीट बघता यावं म्हणून घेराला मोठी भोकं पाडायचं काम कित्येक वर्षं पुढे ढकललं जात होतं, एका शटडाउनहून दुसऱ्यावर. माझा फ्लँज, दुसरं काय.

आता मला ज्यासाठी हे सगळं सांगायचं होतं ते. डिसेंबर २००२ मध्ये एनआरसीच्याच महानिरीक्षकाचा अहवाल आला. हे पद संस्थेत असूनही स्वतंत्र असतं, हे त्यांच्याकडचं मला फार आवडतं. अहवालात म्हटलंय की मुदत वाढवून देण्यामागे कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं ही इच्छा मोठ्या प्रमाणात होती. पेपरवाल्यांनी हेच उचललं. पण माझ्या मते त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं आहे, की एनआरसीने नकळत स्वतःवरच भट्टी धोकादायक असल्याचा पक्का पुरावा आणायची सक्ती करून घेतली होती. कायदा तर उलटा आहे. लोकांच्या सुरक्षेची वाजवी खात्री कंपनीने द्यायची, ती खात्री वाटली नाही एवढं पुरे, बंद करता येतं.

पीयूसीचं बघा ना. सर्टिफिकेट संपलेलं असलं तर हवालदाराला तुमची गाडी धूर सोडते हे सिद्ध करावं लागत नाही, सर्टिफिकेट नाही, संपला विषय. डेव्हिस-बेसीत हवालदारच सायलेन्सरजवळ वाकून धूर शोधत बसला आणि गाडीवाला म्हणत राहिला की दिसतोय का, नाही ना, मग जाऊ द्या. आणि भट्टीच्या बाबतीत धूर दिसायचा एकच मार्ग होता, बंद करून झाकण बघणं, म्हणजे जे सिद्ध झाल्याशिवाय करायचं नव्हतं तेच केल्याशिवाय सिद्ध होणार नव्हतं.

कायदा, अधिकार, रोजचा इन्स्पेक्टर, सगळं होतं हो त्यांच्याकडे.

त्यातून याच प्रकल्पाचं आणखी एक जुनं प्रकरण. २४ सप्टेंबर १९७७ ला, नियमित वीजनिर्मिती सुरू व्हायच्या आधीच, इथे एक रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, उघडा अडकला आणि ऑपरेटरांनी गोंधळून जाऊन थंड पाण्याचा पुरवठा कमी केला. वीसेक मिनिटांत एकाच्या लक्षात आलं, आणि भट्टी कमी पॉवरवर होती म्हणून निभावलं. दीड वर्षाने, मार्च १९७९ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड प्रकल्पात त्याच कामाचा व्हॉल्व्ह तसाच अडकला, माणसांनी तीच चूक केली आणि तिथे भट्टीचा गाभा बराचसा वितळला. पहिल्या ठिकाणचा धडा दुसऱ्या ठिकाणच्या ऑपरेटरपर्यंत पोचलाच नव्हता. त्यानंतर रेसिडेंट इन्स्पेक्टर वाढवले, ट्रेनिंग बदललं, खूप काही झालं.

शिक्षा? २००५ मध्ये एनआरसीने ५४.५ लाख डॉलरचा दंड लावला, तोवरचा त्यांचा सगळ्यात मोठा. २००६ मध्ये कंपनीने आपल्या लोकांनी नियामकाला खोटी माहिती दिल्याचं मान्य केलं आणि खटला टाळायला २.८ कोटी डॉलर भरले. भट्टी दोन वर्षं बंद, मिशिगनमधल्या एका कधीच पूर्ण न झालेल्या प्रकल्पाचं झाकण विकत आणून बसवलं, ते आत न्यायला काँक्रीटची भिंत फोडावी लागली. पुढे २०११ मध्ये झाकण परत बदलताना त्याच काँक्रीटमध्ये तडे सापडले, कारण काय तर १९७८ च्या हिमवादळात पाणी मुरलं, बाहेरून रंगाचा थर दिलेला नव्हता. आम्ही नको तिथे रंग मारायचो, यांनी हवा तिथे मारला नाही.

आपल्याकडचं विचारणार तुम्ही, चिठ्ठी आलीच आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही अमेरिकनच, १९६९ च्या, पण त्या वेगळ्या प्रकारच्या. आपलं नियामक मंडळ १९८३ मध्ये आलं, मुंबईत अणुशक्तीनगरला ऑफिस आहे. ते मंडळ इतकी वर्षं अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं, आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचे सचिव, आणि भट्ट्या चालवणारी सरकारी कंपनीही त्याच खात्याखाली, म्हणजे अमेरिकेने १९७४ मध्ये जे सोडवलं तो गुंता. २०१२ मध्ये कॅगने यावर अख्खा अहवाल लिहिला, त्यात एक आकडा होता, नियम मोडल्याबद्दल जास्तीत जास्त दंड ५०० रुपये. हो, पाचशे. हेल्मेट नसलं तरी तेवढे तरी जातात. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यात मंडळाला कायद्याचा दर्जा मिळालाय, चालतं कसं ते बघायचं.

दुसरी चिठ्ठी चांगली आहे, बाईंनी विचारलंय की आत रोज काम करणाऱ्या कोणालाच शंका आली नाही का. आली ना. भट्टीच्या इमारतीत हवेतला किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं असतात, त्यांचे फिल्टर महिन्याभराने बदलायचे. १९९९ पासून ते तुंबायला लागले, पुढेपुढे दिवसाआड बदलावे लागत होते, वर तपकिरी भुकटी. लॅबला पाठवली, तर उत्तर आलं, गंज आहे. लोखंडाचा बारीक गंज हवेत उडतोय, अणुभट्टीच्या इमारतीत! म्हणजे ज्याने फिल्टर बदलला त्याने सांगितलं, त्याच्या वरच्याने कागदावर लिहिलं, लॅबनेही खरं तेच कळवलं.

मग त्यांनी हवा गाळायला मोठे फिल्टर आणून आत उभे केले.