जुन्या रेडिओचा आवाज मध्येच जातो तेव्हा: आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तपासणी

नमस्कार. टेबलावरचा हा व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) रेडिओ वीसेक मिनिटे सुरेख वाजतो, मग खरखरतो, त्याचा आवाज बसतो आणि कॅबिनेटवर थाप मारली की परत येतो. असा रेडिओ हाती आला की बहुतेक जण तो बंद करून, गार झाल्यावर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स मोजतात आणि मीटरवर 300 ओहम दिसले की ट्रान्सफॉर्मर चांगला आहे असे ठरवून टाकतात. परंतु गार असताना तुटलेल्या तारेची टोके एकमेकांना टेकलेली असतात आणि गरम झाल्यावर ती सुटतात. म्हणून हा दोष तो घडत असतानाच पकडावा लागतो.

या संचात ईएल84 हा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या प्लेटला (धन इलेक्ट्रोडला) 250 व्होल्ट मिळत असताना साधारण 48 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे 300 ओहमच्या प्रायमरीवर सुमारे 14 व्होल्टची घट दिसली पाहिजे. रेडिओ बंद करून, प्लग काढून आणि वीज साठवून ठेवणारा फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून मीटरचे क्लिप प्रायमरीच्या दोन टोकांना लावा, मीटर 600 व्होल्ट डीसीवर ठेवा, मग रेडिओ सुरू करा आणि त्यानंतर आत हात घालू नका. आवाज गेला तरी 14 व्होल्ट कायम राहिले, तर दोष आधीच्या टप्प्यात किंवा सेकंडरी (स्पीकरकडची गुंडाळी) आणि स्पीकर यांच्या बाजूला आहे. आकडा शून्याकडे आला, तर व्हॉल्व्हमधून प्रवाहच वाहत नाही. मात्र तो एकदम 200 च्या वर उडाला, तर प्रायमरी तुटलेली आहे. अशा वेळी प्लेटच्या वाट्याचा प्रवाहही स्क्रीन ग्रिडवर, म्हणजे प्लेटच्या अलीकडच्या तारेच्या जाळीवर, पडतो आणि काचेतून ती ग्रिड लालबुंद दिसू लागते, त्यामुळे रेडिओ क्षणात बंद करा, नाहीतर चांगला व्हॉल्व्हही जाईल.

एवढे दिसले तरी ट्रान्सफॉर्मर फेकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रायमरीची तार केसासारखी बारीक असते, तिच्यावर सतत धन (पॉझिटिव्ह) व्होल्टेज असते, आणि कोकणासारखी दमट हवा मिळाली की तांबे झिजत जाते. ही झीज पुष्कळदा बाहेर येणाऱ्या जाड वायरीच्या सांध्यापाशीच होते, विशेषतः तिथे जुन्या आम्लयुक्त फ्लक्सचा (सोल्डर करताना लावायच्या पदार्थाचा) अंश उरला असेल तर. वरचा कागद हळूच उचलल्यावर इथे हा हिरवा ठिपका दिसतो आहे, तोच आपला दोष आहे. ठिपक्याच्या मागची चांगली तार शोधून तिचे इनॅमल अलगद खरवडा, फक्त राळेचा फ्लक्स वापरून नवी मऊ वायर जोडा आणि सांध्यावर इन्सुलेशनचा कागद घाला. तुटलेली जागा गुंडाळीच्या पोटात असेल, तर मात्र ती पूर्ण नव्याने गुंडाळावी लागते.

आता रेडिओ तासभर वाजतो आहे, आणि मीटर 14 वर स्थिर आहे.