लगाम कधी सोडायचा

माळेगावचा माळ. मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं हे गाव या दिवसांत घोडे, गाढवं, उंट यांनी भरून जातं. गिऱ्हाईक दात बघतं, खूर उचलून बघतं, घोडा पळवून बघतं. आपण घोड्याच्या तोंडापाशी थांबू.

[दृश्य : तोंड, अगदी जवळून]

हे कडियाळं, म्हणजे लगामाला जोडलेली, तोंडात बसणारी धातूची दांडी. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे बिनदाताची हिरडी असते, तिथे ते बसतं. वर पातळ कातडी, खाली लगेच हाड. झटका मारला की सगळा भार जिभेवर आणि या हाडावर येतो.

[दृश्य : हात आणि पाय, संथ गतीत]

आता हा हात बघा. घोड्याला पाऊल मागं घ्यायला शिकवायचंय. लगाम हलकेच ताणला. घोडा उभाच. ताण किंचित वाढवला, झटका न देता तसाच धरला. घोड्यानं वजन मागं घेतलं, पुढचा डावा पाय उचलला... आणि बोटं उघडली. घोडा शिकला तो या क्षणी. ताण सुटला तेव्हा आपण काय करत होतो, तेवढंच त्याच्या लक्षात राहतं.

हेच पुन्हा, चुकीच्या पद्धतीनं. पाय मागं आला, पण हात आवळलेलाच. घोड्यानं वैतागून मान वर झटकली आणि नेमका तेव्हा लगाम सैल झाला. आता तो मान झटकायला शिकला. चार दिवसांत मालक म्हणतो, हा लगामाला दाद देत नाही, आणि आणखी जाड, आणखी जाचक कडियाळं आणतो. बिघडला होता तो हाताचा वेळ.

तीन-चारदा नीट जमलं की थांबायचं, घोड्याला उसंत द्यायची. दर खेपेला सुरुवात आधीपेक्षा हलक्या ताणानं. आणि टाच मारताना लगाम ओढायचा नाही. 'चल' आणि 'थांब' एकदम सांगितलं तर घोड्यानं ऐकायचं कुणाचं?

[दृश्य : नाकावरचा पट्टा]

नाकाच्या मधल्या हाडावर, पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. गालाच्या बाजूनं मोजलं तर फसगत होते, तिथे पट्टा सैलच लागतो. आयर्लंड, इंग्लंड, बेल्जियम इथल्या स्पर्धांमधले ७५० घोडे संशोधकांनी तपासले. दोन बोटांची जागा फक्त ७ टक्क्यांना होती. पट्टा आवळला की तोंड उघडत नाही, आणि दुखतंय हे वरून दिसत नाही.

काटेरी कडियाळ्याला आपल्याकडे जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५च्या नियमांनी बंदी आहे. त्यानं जीभ फाटते, हिरडी सडते, घोडा चारा टाकतो.

[दृश्य : संध्याकाळ, दावण]

काम नीट झालं की बरेच जण मानेवर थापा मारतात. त्याऐवजी आयाळ संपते आणि पाठ सुरू होते, तिथे खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा. इथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, हे फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ साली मोजलं गेलं. तुम्हीही मोजू शकता. घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे, छातीला डॉक्टरची नळी (स्टेथोस्कोप) लावा, पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. निवांत उभ्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४.

नळी लावलीय. खाजवणं सुरू आहे. खालचा ओठ बघा.