सड्यावरची झाडं, कागदावर

सातारा शहराच्या पश्चिमेला, साधारण १२०० मीटर उंचीवर, कासचं पठार. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट खडकावर, मातीचा थर अगदी पातळ. तिथली बहुतेक फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात. म्हणजे हर्बेरियमसाठी, वाळवलेल्या झाडांच्या संग्रहासाठी, नमुने गोळा करायचे ते भर पावसात, धुक्यात. आणि वाळवायचेही त्याच हवेत. इथलं खरं काम हेच.

राखीव वनात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही. परवानगी असली तरी मोजकीच झाडं दिसली, तर फोटो आणि नोंद पुरे. वायतुऱ्याचा, म्हणजे १९८२ साली वर्णन झालेल्या अपोनोजेटॉन सातारेन्सिसचा, कंद उपटू नये. एक फुलोरा आणि एक पान घ्यावं.

शीट, म्हणजे वाळलेला नमुना लावायचा जाड कागद, साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरची, त्यामुळे कारवीची फांदी त्यात मावेल एवढीच कापायची. निदान एक पान उलटं ठेवायचं, खालची लव आणि शिरा दिसायला हव्यात. वर्तमानपत्राच्या घडीत झाड, वर-खाली टीपकागद, मग झाड दाबून ठेवणाऱ्या प्रेसचे पट्टे घट्ट. पावसाळ्यात पहिले तीन-चार दिवस कागद दिवसातून दोनदा बदलावेच लागतात. एक पाळी चुकली की पानं काळी पडतात, बुरशी धरते. घाईने जास्त आच दिली तर पानं करपतात, हात लावताच तुटतात. नमुना गालाला गार लागला, तर तो अजून ओला आहे.

प्रत्येक झाडाचा हट्ट वेगळा. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती. तो कागदाला चिकटतो, त्याला बटर पेपर लागतो. तेरड्याच्या पाकळ्या विरघळल्यासारख्या होतात, म्हणून दोन-चार फुलं वेगळ्या घडीत सुकवायची. कंदीलपुष्प दाबलं की आतली रचना चपटी होते, आणि ओळख तर तिच्यावरच ठरते. एक फूल ७० टक्के स्पिरिटच्या बाटलीत हवंच. गेंदाचा चेंडूसारखा फुलोरा सहज वाळतो, पण कोवळा घेतला तर बी नसतं, आणि बियांशिवाय जाती ठरवणं फार अवघड.

वाळलेला नमुना बंद पिशवीत, उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवला की कीड मरते. जुन्या शीटवर पूर्वी पाऱ्याचं विषारी द्रावण लावत. त्या हातमोजे घालूनच हाताळाव्यात.

आणि लेबल. ‘कास, सातारा’ एवढ्यावर कोणालाही ते झाड पुन्हा सापडणार नाही. गाव, तालुका, जीपीएस, उंची, तारीख. सडा, डबकं की कड्याची कपार. आणि फुलाचा रंग, कारण तो वाळल्यावर उडतो. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी फुलते. तो हिशेब अशा तारखांवरूनच पडताळता येतो. हे सगळं जागेवरच लिहायचं, पेन्सिलीने, कारण शाई पावसात पसरते. वहीतला क्रमांक नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवरही हवा. एकाच झाडाची एक शीट कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि दुसरी पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे गेली, तरी दोन्हींवर क्रमांक तोच राहतो.