थेंबभर रक्त, निळा उजेड

(अंधार. काचेचा ग्लास. यूव्ही दिवा लागतो.)

हे साधं टॉनिक वॉटर. त्यातल्या क्विनीनमुळे असं निळं उजळतं. न दिसणारा प्रकाश घ्यायचा आणि दिसणारा परत द्यायचा. जॉर्ज स्टोक्सनं 1852 साली याला नाव दिलं, फ्लुरोसन्स.

रक्तातला युरिया, म्हणजे मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो कचरा, मात्र असा आपणहून चमकत नाही. आधी तो फोडावा लागतो.

(तळहातावर पांढरे दाणे.)

फोडणारं एन्झाइम या दाण्यांत आहे. हे जॅक बीन, आपल्या कोकणातल्या अबईची चुलत बहीण. याच्याच पिठातून जेम्स समनरनं या एन्झाइमचे, म्हणजे युरिएझचे, स्फटिक काढले, 1926 साली. नऊ वर्षं खपला होता. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून डावा हात कोपराखाली गेलेला, आणि गडी मुळात डावखुरा! एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे त्याचं म्हणणं पुष्कळांना लवकर पटलं नाही. नोबेल मिळालं 1946 मध्ये.

(रक्ताची नळी फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबतं.)

खाली लाल पेशी, वर पिवळसर सीरम. त्यातलं घेतलंय फक्त पाच मायक्रोलिटर. पिपेटच्या टोकाशी नीट बघा, तेवढंच. युरिएझ पडलं की युरियाच्या एका रेणूमागे अमोनियाचे दोन सुटतात. मग ओपीए, म्हणजे ऑर्थोथॅलाल्डिहाइड, अमोनियाशी जुळून चमकणारं रसायन, आणि सोबत सल्फाइट. त्यामुळे रक्तातली अमिनो आम्लं फारशी लुडबूड करत नाहीत. नळ्या गरम पाण्यात. आता थांबायचं.

शेजारची नळी ब्लँक, तुलनेसाठी, बिनयुरिएझची. अमोनिया काय, हवेतही असतो, फरशी पुसायच्या पाण्यातही. ब्लँकची चमक वजा केल्याशिवाय आकडा धरायचा नाही. आणि रक्त घ्यायची करड्या झाकणाची ट्यूब इथे चालत नाही, तिच्यातलं फ्लोराइड युरिएझलाच दाबून टाकतं.

(दिवे मालवतात.)

365 नॅनोमीटरचा यूव्ही प्रकाश आत, 425 च्या आसपासचा निळा बाहेर. डावीकडचं स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या युरियाचं द्रावण, डेसिलिटरला 30 मिलिग्रॅमचं, उजवीकडचं 150 चं. मशीनला विचारायच्या आधीच डोळ्यांना कळतं.

बहुतेक लॅबमध्ये युरिया 340 नॅनोमीटरवरच्या प्रकाशाच्या शोषणातून मोजतात, आणि तेही उत्तम चालतं. इथे मात्र बोटाच्या टोकावरचा थेंब पुरतो.

(डायलिसिस वॉर्ड. खुर्चीच्या हातावर टेकलेला हात.)

इथे युरिया दोनदा बघतात. मशीन लावण्याआधी आणि नंतर.

(निवेदन नाही. मशीनचा आवाज, 12 सेकंद.)