जबड्यात सिस्ट निघाली: रूट कॅनाल पुरेल की ऑपरेशन लागेल?

नमस्कार मंडळी. दुखत काहीच नव्हतं, भलत्याच दाताचा एक्सरे काढला आणि डॉक्टर म्हणाले, "इथे सिस्ट दिसतेय." घरी पोहोचेपर्यंत तुम्ही मोबाइलवर जबड्याच्या ऑपरेशनचे चार व्हिडिओ बघितलेले असणार. हा पाचवा, पण यात रक्त नाही.

[पडद्यावर: एक्सरे. दाढेच्या मुळाशी गोल काळी सावली.]

हा काळा गोल बघा. कडेने बारीक पांढरी रेघ आहे. म्हणजे इथलं हाड विरघळलंय आणि त्या जागी पाण्याने भरलेली पिशवी, म्हणजेच सिस्ट, असावी. 'असावी' म्हणतेय, कारण हाड कुठे नाही एवढंच एक्सरे सांगतो. त्या जागेत नेमकं काय आहे, ते सांगत नाही.

"डॉक्टर, केवढी आहे?" हे सगळेच विचारतात. मी आधी बघते ते वेगळं: सावली कुठल्या दाताची, आणि तो दात जिवंत आहे का? कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारायचा आणि बोळा दाताला टेकवायचा. सणक गेली तर आतली नस बहुधा जिवंत. शेजारच्या दातांना थंड लागतंय आणि याला ढिम्म काही नाही, तर दात मेलेला असण्याची शक्यता जास्त. सगळे उपचार इथून फुटतात.

मेलेल्या दाताच्या मुळाशी होते ती रेडिक्युलर सिस्ट. जबड्यात सगळ्यात जास्त हीच सापडते. दुर्लक्ष केलेली कीड असते, नाहीतर लहानपणी चेंडू लागून काळा पडलेला पुढचा दात. आतला संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात झिरपत राहतो, आणि दात घडताना मागे उरलेल्या पेशी त्या सुजेमुळे वाढायला लागतात. म्हणून पहिला उपाय रूट कॅनाल. "गाठ हाडात आणि तुम्ही दात कोरताय?" असं लोक वैतागून विचारतात. अहो, तिची रसद दातातूनच येतेय! ती तोडली की पुष्कळदा हाड आपणहून भरून येतं. सहा महिने लागतात, वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त.

पुष्कळदा, नेहमी नाही. पिशवी मुळाच्या छिद्राशी उघडी असेल तर ती बरी होण्याची शक्यता चांगली. सगळीकडून बंद असेल तर ती स्वतःच्या जोरावर टिकू शकते. एक्सरेवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून आधी वाट बघावी लागते. सावली कमी झाली नाही, तर रूट कॅनाल पुन्हा करायचं किंवा एपिकोएक्टॉमी. यात हिरडी उघडून मुळाचं टोक साधारण 3 मिलिमीटर कापतात, पिशवी खरवडून काढतात आणि मुळाला मागच्या बाजूने एमटीए नावाच्या सिमेंटचं बूच बसवतात. बहुतेक वेळा जागेवरची भूल पुरते. दात वाचण्यासारखा नसेलच, तर तो काढायचा, पण पिशवीसकट. नुसता दात काढला आणि पिशवी आत राहिली, तर ती तिथेच वाढत बसू शकते.

आणि केमिस्टकडून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या? पू झाला, चेहरा सुजला, ताप आला, तर डॉक्टर त्या देतील. पिशवी त्यांनी जात नाही.

आता दात जिवंत असेल, किंवा बाहेरच आला नसेल तर? हाडात अडकलेल्या अक्कलदाढेच्या किंवा वरच्या सुळ्याच्या डोक्याभोवती होते ती डेंटिजेरस सिस्ट. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा दाढ आणि पिशवी एकदमच काढतात. बारा वर्षांच्या मुलाचा सुळा अडकला असेल, तर मात्र मी आधी विचारीन: खिडकी करता येईल का? ही पद्धत जर्मन सर्जन कार्ल पार्श यांनी 1892 मध्ये मांडली. पिशवीला तोंडाच्या बाजूने भोक पाडून तिच्या कडा हिरडीला शिवायच्या. आतला दाब गेला की हाड कडेने भरत येतं, आणि कधीकधी तो सुळा आपल्या वाटेने खालीही येतो. मोठ्या सिस्टमध्ये जबडा मोडायची किंवा खालच्या ओठाची नस दुखावायची भीती असते, तिथेही हीच युक्ती. त्रास एकच: ती पोकळी महिनोन्‌महिने घरी सिरिंजने धुवावी लागते, भाताचं शीत अडकलं की वास मारतो. हे ज्याच्याकडून होणार नाही, त्याने आधीच स्पष्ट सांगावं.

तिसरी जरा खोडकर, केराटोसिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये हिला ट्यूमरमध्ये टाकलं आणि 2017 मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. आत पाण्याऐवजी पनीरच्या चुऱ्यासारखा माल असतो, अस्तर इतकं पातळ की काढताना फाटतं, आणि राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा उगवते. म्हणून काढल्यावर आजूबाजूचं हाडही थोडं घासतात, आणि पुढे कित्येक वर्षं दरवर्षी एक्सरे काढावा लागतो.

अमिलोब्लास्टोमा नावाचा ट्यूमरही एक्सरेवर अगदी असाच दिसू शकतो. तेव्हा काढलेला तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, गेलाच पाहिजे. "पाठवणार ना?" असं ऑपरेशनच्या आधीच विचारा. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

खर्चाची धास्ती असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे ओरल सर्जरी विभागात केसपेपर काढा. जाताना जुना एक्सरे न्या, मोबाइलवरचा तिरका फोटो नको, मूळ फिल्म किंवा सीडी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठीही घ्या, आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. खालचा ओठ बधिर वाटत असेल किंवा सूज डोळ्याकडे अगर गळ्याकडे सरकत असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.